आधी आईचं बोट

देवळाली कॅम्पातलं ते मंगल कार्यालय लग्नालासुद्धा इतकं भरलं नसेल. स्टेजवर 'सेलगुरू' डॉक्टर प्रफुल्ल. वर पांढरा कोट, आत रुद्राक्षांची माळ. विज्ञान आणि देव, दोघांचीही सोय!

"डाउन सिंड्रोम म्हणजे काय? पेशीत सेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रं! तो आगाऊ पाहुणा आत्ता पडद्यावर दाखवतो. मग पाठीत मूलपेशींचं एकच इंजेक्शन, की पाहुणा घराबाहेर!"

टाळ्या पडल्या. योगिनीनेही वाजवल्या. शाळेत विज्ञान शिकवायची ती. पण आपल्यामागे डाउन सिंड्रोम असलेल्या लेकीला, स्नेहलला कोण बघणार, या विचाराने तिच्या पोटात रोज खड्डा पडायचा. अशा वेळी पुस्तकातलं शहाणपण कुठे आठवतं हो!

नंबर आला. मदतनीस बाईंनी सुई काढली, तशी बारा वर्षांच्या स्नेहलने हात पाठीमागे लपवला. "आधी आई!"

घरचा नियमच होता तो. कडू औषध असो की लस, आधी आईने घ्यायची. योगिनीने बोट पुढे केलं. बाईंना गर्दीची घाई. त्यांनी थेंब काचेवर घेतला, स्नेहलचं नाव चिकटवलं आणि पळाल्या. "अहो, ते माझं..." ऐकतंय कोण!

पडदा उजळला. "हे स्नेहलचं रक्त! आणि हा तो आगाऊ पाहुणा, चोर! कसा वळवळतोय बघा! चला, मुलीला पालथं झोपवा."

स्नेहल आईला घट्ट बिलगली. योगिनी ताडकन उठली. "ते रक्त माझं आहे. मग मलाही डाउन सिंड्रोम आहे का?"

सेलगुरूंनी घाम पुसला. "ताई, लेकीची स्पंदनं आईच्या रक्तात उतरतात."

"मग माझं घे की रं बाबा!" विंचूरहून नातवाला घेऊन आलेल्या कुसाबाई थेट स्टेजवर चढल्या. लोकांनी आरडाओरडा केल्यावर त्यांचाही थेंब घ्यावा लागला. पडद्यावर तोच चोर, तीच वळवळ! योगिनीने पडद्याची वायर धरून ओढली. ती वायर टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाकडे गेलीच नव्हती. टेबलाखाली लॅपटॉप होता आणि त्यात एकच व्हिडिओ फिरत होता. सेलगुरूंना मागच्या दाराची वाट सापडली, पण तिथे बाप लोक आधीच उभे होते.

कुसाबाई मटकन खाली बसल्या. "लय आशेनं आलतो, मॅडम. आता आमच्या पोरांचं काय?"

योगिनीने माईक घेतला. "गुणसूत्रं तपासायला पेशी वाढवाव्या लागतात, त्यात दिवस जातात. जास्तीचं गुणसूत्र काढायचे, गप्प करायचे प्रयोग खरेच चालू आहेत, पण प्रयोगशाळेत, काचेच्या ताटलीतल्या पेशींवर. मुलांना द्यायचा उपचार अजून कुणाकडेही नाही. तोवर त्यांचं हृदय तपासा, थायरॉइड तपासा, त्यांना बोलायला शिकवा, शाळेत घाला. पोटातला खड्डा मलाही आहे, कुसाबाई. तो भरायला मी आज लेकीची पाठ देणार होते. तुम्ही देऊ नका. आधी पुरावा मागा, मगच लेकराचं बोट पुढे करा."