मायाप्पाची गुबगुबीत सीट

आमचा मायाप्पा सोलापूरच्या गिरणीत कारकून झाला आणि त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. कारण त्याने सायकल घेतली. त्याआधी सगळा जन्म तो मेंढरांमागे चालला होता, पण ते त्याच्यासमोर काढायचं नाही असा दंडक होता. मी त्याचा चुलतभाऊ, म्हणून काढत असे.

वैरागच्या हरिबांची मुलगी मायाक्का त्याने एका जत्रेत पाहिली. ती एका मेंढरं विकणाऱ्याशी भांडत होती आणि जिंकत होती. तेव्हापासून मायाप्पाला अन्न गोड लागेना, म्हणजे तिसरी भाकरी तो अर्धी ठेवू लागला. याआधी एका घराने त्याला कारण सांगून नाकारलं होतं आणि दुसऱ्याला कारण सांगायचीही गरज वाटली नव्हती. आता मायाक्काही गेली तर हा माणूस कायमचा गिरणीच्या भोंग्याशी संसार करणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी हसणं थोडं कमी केलं होतं.

बोलणी करायचा दिवस ठरला. त्याचे वडील आण्णा म्हणाले, "मोटारीनं जाऊ की समदी."

"मोटारीत कोंबड्याबी बसत्यात," मायाप्पा म्हणाला. "मी सायकलवर येणार. जावई कसला हाय, हरिबाला कळू दे."

"कळंल," आण्णा म्हणाले.

सायकलीच्या मूळच्या सीटवर बसून एवढ्या लांब जाणं कारकुनाला शोभेना, म्हणून आम्ही नवी पेठेत मडिवाळप्पांच्या दुकानात गेलो. मडिवाळप्पा सायकलीचं सामान विकत आणि स्वतः चालत घरी जात. त्यांनी तीन सीटा पुढे ठेवल्या. एक अरुंद, टणक कातड्याची. एक स्प्रिंगांची. आणि एक इतकी गुबगुबीत, की तिला तीट लावावी.

मायाप्पाने सीट कधी निवडली नव्हती, पण बाजारात मेंढरं पुष्कळ निवडली होती. त्याने एकेकीच्या पाठीवर अंगठा रोवला, शेपटाच्या बाजूने बोटं दाबत पुढे आला आणि चिमटीत कातडं धरून ओढून पाहिलं. टणक सीटला म्हणाला, "हिच्या अंगावर कायबी न्हाय." स्प्रिंगवालीला म्हणाला, "हाडं लागत्यात." गुबगुबीत सीटपाशी मात्र तो रेंगाळला. आता दात बघतो की काय, असं मला वाटलं.

"ही," तो म्हणाला. "भरल्याली हाय."

"मायाप्पा, हिच्यावर बसायचं हाय. कापायची न्हाय."

"बसून बघतो की."

त्याने ती स्टुलावर ठेवली आणि वर बसला. मडिवाळप्पांनी चहा मागवला. तो त्याने बशीतून फुंकून फुंकून घेतला. स्टूल जागचं हललं नाही, मायाप्पाही हलला नाही. चहा संपला. "एक नंबर," तो उतरून म्हणाला. एवढ्या कडक परीक्षेपुढे मी काय बोलणार?

"साहेब लोक हीच नेतात री," मडिवाळप्पा कानडी हेलात म्हणाले.

"कुठले साहेब?" मी विचारलं.

"परगावचे."

मग पोशाख. धोतराला क्लिपा लावल्या असत्या तर भागलं असतं, पण भागणं मायाप्पाला मान्य नव्हतं. त्याने जाड खाकीची अर्धी चड्डी शिवायला टाकली आणि शिंप्याला बजावलं की शिवण दोनदा मार, मजबूत पायजे. शिंपी मन लावून काम करणारा होता. त्याने चारदा मारली. आता मायाप्पा आणि सीट यांच्या बरोबर मध्ये एक दोरखंड कायमचा मुक्कामाला आला. वर सोला हॅट, निळा चष्मा आणि गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, तेही ऐन उन्हाळ्यात. हे सगळं चढवून तो बाहेर पडला तेव्हा गल्लीतली कुत्री भुंकली नाहीत. कशावर भुंकायचं, हे त्यांचं ठरेना.

ठरल्या दिवशी आण्णा मोटारीने गेले. मी भाड्याच्या सायकलवर, धोतर खोचून, मायाप्पाच्या सोबतीला. गाव सुटेपर्यंत तो शीळ घालत होता. मग शीळ थांबली. मग तो एका कुल्ल्यावर बसून चालवू लागला, मग दुसऱ्यावर. ती भरल्याली सीट उन्हाने तापली, घामाने भिजली आणि प्रत्येक पायडलला डावी-उजवीकडे लोळू लागली. शिवण करवतीसारखी आपलं काम करत होती. शेवटी तो पायडलवर उभा राहिला.

"वारं चांगलं लागतं हितनं," तो म्हणाला.

थोड्या वेळाने तो उतरला आणि सायकल हातात धरून पाय फाकून चालू लागला.

"सायकल दमली काय?" मी विचारलं.

"भीमा, गप ऱ्हा." पुढे एका बाभळीखाली तो थांबला. चष्मा काढला. "तितं बसावं लागंल न्हवं?"

इथे मात्र मला हसू आलं नाही. आमच्यात मुलीचा बाप घोंगडं अंथरतो. पाहुणा मुलगा त्यावर मांडी घालून बसला, तर सोयरीक त्याच्या मनात आहे. उभा राहिला, तर नाही. मग घोंगडं गुंडाळलं जातं आणि त्या घरी परत कधी शब्द टाकता येत नाही. शिवाय घोंगडं म्हणजे कोऱ्या लोकरीचं, धडधाकट माणसालाही टोचणारं.

"न बसून कसं चालंल?" मी म्हणालो.

"मला बसवणार न्हाय, भीमा."

कारकून झाल्यापासून तो पहिल्यांदाच खरं बोलत होता.

हरिबांच्या सोप्यात आण्णा आणि चार मोठी माणसं आधीच बसलेली. मधोमध काळंभोर नवं घोंगडं.

"या पावणं, बसा," हरिबा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," मायाप्पा म्हणाला. "उभाच बरा हाय."

हरिबांनी आण्णांकडे बघितलं, आण्णांनी माझ्याकडे. मायाप्पाने खाली वाकायचा प्रयत्न केला, निम्म्यात अडकला आणि उगाच नमस्कार करून परत सरळ झाला. हरिबांचा हात घोंगड्याच्या कडेला गेला.

"त्येचा नवस हाय," मी म्हणालो.

हात थांबला. "कसला?"

"जत्रंत तुमची पोरगी बघितली तवापासनं. सोयरीक ठरंपतुर बूड टेकायचं न्हाय."

"मग कचेरीत?"

"उभ्यानं लिवतो."

"आन् सायकलवर?"

"पायडलवर उभा ऱ्हाऊन आला," मी म्हणालो. निम्म्या वाटेपुरतं हे खरं होतं.

हरिबांचा चेहरा असा भक्तीने भरून आला, की मला हरिबांचीच दया आली. त्यांची आई राजाबाई आतून आली आणि मायाप्पाच्या लोकरी मोज्यांच्या पाया पडली. असल्या माणसाला ताटकळत ठेवणं पाप, असं हरिबांनी जाहीर केलं. आण्णांनी घरून पाठ करून आणलेल्या अटी त्यांच्या तोंडातच राहिल्या. बघता बघता सुपारी फुटली.

"नवस फिटला," हरिबा म्हणाले. "आता बसा."

मायाप्पाने माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं. मग तो बसला. मांडी घातली. निळ्या चष्म्याखालून पाण्याच्या धारा लागल्या.

"लई मायेचा पोरगा," राजाबाई म्हणाली आणि तिनेही पदर डोळ्याला लावला. सोप्यात दोघंतिघं गहिवरले. आण्णांना खोकला लागला.

मायाक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने आधी मायाप्पाकडे बघितलं, मग चड्डीकडे, मग दारातल्या सायकलीकडे. तांब्या ठेवायला ती खाली वाकली.

"नवस कुटं लागलाय, कळलं मला," ती हळू म्हणाली. "लग्नाला कसं येणार?"

"सायकलवर," मायाप्पा हुंदका गिळून म्हणाला.

"या. पर आदल्या दिशीच निगा," ती म्हणाली. "आन् मला न्ह्यायला मोटार सांगा. तुमी मागनं या की सावकाश, उभ्यानं."