माइकवरचा आहेर

आकाराम पवाराला या निवडणुकीत मिळायचं होतं ते एवढंच: स्वीकृत नगरसेवकाची खुर्ची, दारावरच्या पाटीत दोन शब्दांची भर, आणि साताऱ्याकडच्या सासुरवाडीत जावयाचा थोडा वाढीव मान. कुपवाडच्या फौंड्री कामगारांच्या संघटनेचा तो अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. फक्त दुसऱ्याच्या पैशावर उदार होता.

उमेदवार लालासाहेबांनी शब्द दिला होता, की संघटनेनं पन्नास हजारांची गुपचूप मदत केली तर निवडून आल्यावर आकारामचं नाव पुढं करू. खजिनदार धरणेंद्र मगदूम म्हणाला, वर्गणीतला पैसा निवडणुकीला देता येत नाही. त्यासाठी वेगळा निधी काढावा लागतो, ज्याची इच्छा त्यानं द्यावं. आकारामनं तेही करून बघितलं. चहाच्या टपरीवर डबा ठेवला. आठवड्यानं उघडला तेव्हा एकशे चाळीस रुपये आणि गुटख्याच्या दोन रिकाम्या पुड्या निघाल्या. लोकांचं मत एवढं स्पष्ट मतपेटीतूनही निघत नाही.

मग त्याची नजर वर्गणीवर गेली. तिथं साठ हजार होते आणि ते सयाजीसाठी ठेवलेले होते. सयाजीचा उजवा हात मशीनमध्ये सापडला होता. ठेकेदाराचा माणूस, विमा नाही. मिरजेच्या दवाखान्यात सोमवारी ऑपरेशन, पैसे आधी भरायचे.

“दादा, त्यो सयाजीचा हात हाय,” धरणेंद्र म्हणाला.

“मी काय पळून चाललोय व्हय? सायब निवडून आलं की त्याच हातात कडं घालू सोन्याचं.”

“आदी हात तर ऱ्हाऊ दे.”

बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या चालत. सचिवाची सही आकारामनं मिसळीच्या एका प्लेटवर मिळवली. शनिवारी धरणेंद्रला कळलं तोवर रक्कम पाकिटात होती आणि पाकीट लालासाहेबांच्या सभेला निघालं होतं. तो मोटरसायकल काढून मागं धावला.

पाकीट गुपचूप द्यायचं ठरलं होतं. पण आपल्याकडं लग्नात आहेर माइकवर पुकारला नाही तर तो दिल्यासारखा वाटत नाही. देणाऱ्याचं नाव मांडवाबाहेर ऐकू गेलं पाहिजे. आकारामनं निवेदकाच्या हातात स्वतःच्या खिशातले शंभर ठेवले आणि निवेदकानं शंभराला जागून आवाज लावला: “कामगार संघटनेच्या वतीनं, अध्यक्ष आकाराम पवार यांच्या शुभहस्ते, साहेबांना रोख पन्नास हजार रुपये!”

कोपऱ्यात निवडणूक खर्चावर नजर ठेवणारा कॅमेरावाला इतका वेळ खुर्च्या मोजत होता. त्यानं कॅमेरा वळवला.

लालासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हिशेबात त्यांनी दोनशे खुर्च्या दाखवल्या होत्या, आणि बसलेले हजार होते. त्यात ही रोख दाखवावी तर ती कुणाच्या वर्गणीतली, हा प्रश्न येणार. न दाखवावी तर कॅमेऱ्यानं बघितलेली. राजकारणात मुरलेला माणूस. माइक हातात घ्यायला त्याला एक क्षण पुरला. गरिबांच्या घामाचा पैसा आपल्याला चालत नाही, असं ते म्हणाले, आणि संघटनेचा खजिनदार कोण ते विचारलं.

धरणेंद्र मंचावर चढला. सगळ्यांदेखत त्यानं नोटा मोजल्या, दोनदा. लोकांना वाटलं तत्त्वासाठी मोजतोय, टाळ्या पडल्या.

तिथून तो थेट मिरजेला गेला. दवाखान्यात पैसे भरले आणि पावती सयाजीच्या बायकोच्या, चंद्राबाईच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. शिक्का कुठं आहे तेवढं तिनं विचारलं आणि मग बाकावर बसली.

“आता जेवीन म्हंते,” ती म्हणाली. “सकाळपास्नं भाकरी तशीच बांधून हाय.”

धरणेंद्रनंही तिच्यातली अर्धी भाकरी खाल्ली. लय दिवसांनी त्याला जेवणाची चव लागली.

आता हिशेब. ऑपरेशनचा खर्च संघटनेनं केला, म्हणजे ज्यांची वर्गणी त्यांनीच. प्रामाणिकपणाची कीर्ती लालासाहेबांना फुकट मिळाली. मिसळ सचिवाच्या पोटात गेली. या आहेरापायी स्वतःचं काही गेलं ते एकट्या आकारामचं: मिसळीचे सत्तर आणि निवेदकाचे शंभर.