लेबल काढलेली बाटली

मी एक जुनी, हिरव्या काचेची बाटली आहे. मित्रांनो, दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत मी असते. आता माझ्यात मनी प्लँट आहे, पण एके काळी माझ्यात लाल वाइन होती.

माझा जन्म उरुग्वेतला. ब्राझील आणि अर्जेंटिना या थोरल्या शेजाऱ्यांपुढे त्या चिमुकल्या देशाला कोण विचारतो? तिथल्या तनात नावाच्या काळ्या द्राक्षांची वाइन माझ्यात भरली आणि छातीवर देशाच्या नावाचं लेबल लावलं. मी स्वस्तातली होते, पण माझा तोरा काही कमी नव्हता.

मानेसरच्या मोटार कारखान्यातले अविनाश कंपनीच्या कामाला ब्राझीलला आले होते. तिथल्या एका दुकानातून त्यांनी मला विकत घेतलं आणि स्वेटरमध्ये गुंडाळून आणलं, ते सूर्यकांत या मित्रासाठी. लग्नाआधी दोघे सरोजिनी नगरात एकाच खोलीत राहिलेले.

"नाव कुणाला माहीत नाही यार, पण चीज बढिया आहे," अविनाश म्हणाले.

द्वारकेला तेव्हा नुकतीच मेट्रो आली होती आणि सूर्यकांतना बढतीची आस लागली होती. त्यांनी मोठ्या साहेबांना जेवायला बोलावलं, अविनाशनाही बोलावलं. पण साहेबांपुढे उरुग्वेची बाटली कशी ठेवायची? रिकाम्या जॅमच्या बाटलीचं काढतात तसं त्यांनी मला कोमट पाण्याच्या बादलीत भिजवून माझं लेबल नखांनी खरवडून काढलं.

"अहो, अविनाश भावजींना काय वाटेल?" त्यांच्या पत्नी विनयाताई म्हणाल्या. सूर्यकांतनी मला पुसून फ्रिजमध्ये ठेवलं.

संध्याकाळी साहेबांनी घोट घेतला. तनात आधी जांभळासारखी जीभ ओढते, मग हळूहळू रुचते.

"वाह! कहाँ की है?"

"फ्रांस की, सर. एक रिश्तेदार लाए थे."

"तभी! लेकिन लेबल कहाँ गया?"

सूर्यकांतचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात अविनाशच हसून म्हणाले, "सर, फ्रिज की नमी से उतर गया होगा. फ्रेंच ही है, मैंने देखी थी."

साहेब खूश झाले. त्या कौतुकानं मीही क्षणभर सुखावले, मित्रांनो, आणि त्याची मला आजही लाज वाटते. अविनाशनी आपल्या ग्लासला हात लावला नाही.

सूर्यकांतना बढती मिळाली. पुढे अविनाशची पुण्याला बदली झाली. निघताना सूर्यकांत म्हणाले, "अवि, त्या दिवशी मी..."

"अरे, छोड ना," म्हणून अविनाश रिक्षात बसले.

आता पाहुणे आले की सूर्यकांत कुणी न विचारता सांगतात, "ही उरुग्वेची बाटली. आमच्या अविनाशनं आणली होती." पाहुणे मान डोलावतात. सूर्यकांत मात्र खाली बघत राहतात.

मित्रांनो, प्रेमानं दिलेली वस्तू साधी असली तरी देणाऱ्याचं नाव घ्या. तो समोर बसलेला असतानाच घ्या.