पाहुणा पानावर असताना

समाधान मुळे हा देवमाणूस, असं खराबवाडीतल्या त्या बारा खोल्यांच्या चाळीत कुणीही सांगितलं असतं. त्याच्या बायकोला, जयमालाला विचारलं असतं तर वर्षभरापूर्वी तीही हसून हो म्हणाली असती. आता नाही. देवमाणसाशी संसार करून बघा म्हणावं एकदा, मग बोला.

परभणीकडून चाकणला येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. समाधान एका कंपनीत पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर होता, कंत्राटी. दिवाळीनंतर कंपनीत नवी प्रेस आली आणि ती बसवून चालू करून द्यायला तुर्कस्तानातून एक इंजिनिअर आला. इल्हान त्याचं नाव. चाळिशीचा, दाढीवाला, घरदार तिकडे ठेवून सहा महिन्यांसाठी आलेला. कॅन्टीनचं पातळ वरण बघितलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. समाधाननं पहिल्याच आठवड्यात आपला डबा त्याच्यापुढं सरकवला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. साहेबानं बोटं चाटली. झालं! दुसऱ्या दिवसापासून जयमाला चार धपाटे जास्त थापायला लागली. "लेकरंबाळं सोडून आलाय बिचारा," समाधान म्हणायचा. तिलाही कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोला.

नव्या प्रेसला सेन्सर होता. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबायचं. पण ते हात नसतानाही थांबायला लागलं. माल निघेना, वरून बोलणी बसायला लागली. तेव्हा इल्हाननं स्वतः वायर जोडून सेन्सर बंद करून टाकला. "दो दिन," इथं येऊन शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. दोन दिवसांचे पंधरा झाले. सोळाव्या दिवशी प्रेस समाधानच्या उजव्या हातावर आली. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

इल्हान हॉस्पिटलात आला आणि खाटेजवळ उभा राहून हमसून हमसून रडला. समाधान नुकता भुलीतून बाहेर आलेला. पण स्वतःचं दुखणं राहिलं बाजूला, यानं त्याचीच समजूत काढली. "गलती मेरा था साहब. आप टेन्शन मत लो." जयमाला उशाशीच बसली होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्यापुढं कुणी रडायला लागलं तर माणूस असंच काहीतरी बोलतो.

आता कंपनी म्हणत होती, सेन्सर समाधाननंच बंद केला. तसं ठरलं तर भरपाई नाही, आणि बसून करायचं काम देऊ म्हणाले होते तेही नाही. कंत्राटी माणसाचं ऐकतो कोण? साहेब अपघाताचा रिपोर्ट काय देतो त्यावर सगळं होतं, आणि साहेब मंगळवारी विमानात बसणार होता. म्हणून जयमालानं नवऱ्यामागं लकडा लावला, की रविवारी त्याला जेवायला बोलवा.

"पण जेवताना विषय काढायचा न्हाई," समाधाननं बजावलं. "पानावर बसलेल्या माणसाला अडचणीत घालायचं नसतंय."

"हात धुतल्यावर काढते. मग तर झालं?"

रविवारी दुपारी इल्हान मिठाईचा बॉक्स घेऊन आला. खाली सतरंजीवर मांडी घालून बसला. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेवयांची खीर, काही म्हणून कमी केलं नव्हतं तिनं. त्यानं भाकरी मोडली आणि समाधानच्या भरल्या ताटाकडं बघितलं. समाधान ताटाला हात लावत नव्हता.

"तुम?"

"आप खाओ साहब. मेरेको भूक नहीं."

भूक नाही! सकाळपासून पोटात एक कप चहा होता. पण डाव्या हातानं पाहुण्यादेखत जेवायचं कसं? गेले तीन आठवडे तो जयमालाच्या हातानं जेवत होता, तेही दार लोटून घेऊन. इल्हाननं मोडलेली भाकरी परत ताटात ठेवली. तुझ्याशिवाय मी जेवणार नाही, असं खुणेनं सांगून तो बसून राहिला.

आता काय करावं? जयमालानं पदर नीट घेतला, नवऱ्याशेजारी बसली, भाकरी आमटीत कुस्करली आणि त्या परक्या माणसासमोर नवऱ्याच्या तोंडात घास घातला. समाधानचे कान लाल झाले. खाली मान घालून तो चावत राहिला. तिलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिनं दुसरा घास केला.

इल्हानला ते बघवेना. डोळे पुसत तो म्हणाला, "भाभी, मैं रिपोर्ट में लिखा. समाधान अच्छा आदमी. बहुत अच्छा आदमी."

जयमाला थांबली. हात धुवायची वाट बघायचं ती साफ विसरली. "अजून क्या लिखा?"

"समाधान खुद बोला, वो लिखा. हॉस्पिटल में बोला, गलती उसका. लेकिन अच्छा आदमी, काम दो, ये भी लिखा."

तिचा आवाज चढला. "अहो साहेब, तुमको बुरा नहीं लगना म्हणून बोले ते! तुम रो रहे थे! सेन्सर तुमने बंद किया. वायर तुमने जोडी. दो दिन बोले थे ना तुम?"

इल्हानचा चेहरा पांढरा पडला. विसरला नव्हता तो. पण माणसाला सोयीचं कुणी बोललं की ते खरं मानायला वेळ लागत नाही. तो म्हणाला, आणि हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, "रिपोर्ट कल जाएगा. समाधान, तुम बोलो. तुम बोलेगा तो मैं आज बदलेगा. मेरा नौकरी जाएगा, जाने दो. तुम बोलो, किसका गलती?"

घास हातात तसाच धरून जयमाला नवऱ्याकडं बघत होती. एक शब्द बोलायचा होता फक्त. घरात चालून आलं होतं सगळं.

"बोला की," ती म्हणाली. "अहो, बोला!"

समाधाननं इल्हानकडं बघितलं. साहेबाचे डोळे ओले होते, ताटात मोडलेली भाकरी तशीच.

"मेरा ही था साहब," समाधान म्हणाला. "आप खाओ. अगं, साहेबांना आमटी वाढ."

इल्हाननं डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. सुटका झालेल्या माणसाचा तो श्वास जयमालाला स्पष्ट ऐकू आला. मग त्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि खाल्ला.

जयमालानं हातातला घास परत ताटात ठेवला. ते ताट तिनं समाधानच्या पुढ्यात सरकवलं.

"खावा आता तुमच्या हातानं," ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.