फोनच्या पाठीवर नाव

मित्रांनो, अमरावतीच्या एका भांड्यांच्या दुकानात, गल्ल्याखालच्या खणात माझा मुक्काम असतो. भांड्यांवर नावे टाकणारे मी एक जुने यंत्र आहे. लांबी वीतभर, एका टोकाला वायर, दुसऱ्या टोकाला सुई. बटण दाबले की सुई थरथरते आणि मी भुंग्यासारखे गुणगुणू लागते. स्वभावाने मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्याशा लहान कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले, सुईचे टोक घासून घासून कडक केले आणि पत्र्याच्या तुकड्यावर मला चालवून पाहिले. सुई वरची कल्हई सोलून आतल्या लोखंडापर्यंत पोचली. तेव्हापासून मला ही एकच विद्या येते. लोकांना वस्तूचा वरचा रंग दिसतो, मला आतले अंग कळते.

दुकानाचे मालक देवमनजी यांनी मला आणले तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. त्या काळी आपल्या वऱ्हाडात नाव नसलेले भांडे घरात येतच नसे. पंगतीसाठी परात शेजारी गेली की ती परत यायला हवी आणि दुसऱ्याची आपल्याकडे राहायला नको, म्हणून नाव. लग्नसराईत माझ्यापुढे रांग लागे. बायका पदर खोचून उभ्या राहत आणि अक्षर न् अक्षर वाचून घेत. एका पार्बताबाईंनी तर जावेने भेट दिलेल्या पाण्याच्या गुंडावर स्वतःचे नाव काठावर टाकून घेतले आणि जावेचे बुडाशी. गुंड पालथा घातल्याशिवाय ते कोणाला दिसणार नव्हते.

पितळ माझ्या सुईला गोड लागे, ॲल्युमिनियम लोण्यासारखे मऊ, स्टील मात्र हट्टी. प्लास्टिकला तर मी नाकच मुरडे. एकदा देवमनजींच्या नेहमीच्या व्यापाऱ्याने तांब्याचे लोटे पाठवले. झळाळी अशी की बघत राहावे. पहिल्याच लोट्यावर मी ‘चि.’ एवढे कोरले आणि आतून काळपट लोखंड निघाले. तांब्याचे नुसते पाणी दिले होते. देवमनजींनी सगळे लोटे परत धाडले आणि चार माणसांत मला उचलून दाखवले. “हे मशीन नाई, पोलीस हाय,” ते म्हणाले. त्या कौतुकाने मी बिघडले असेन. पुढे जे चकाकेल त्याच्यावर मी आधी संशय घ्यायला लागले.

मग दिवस पालटले. पंगतीला कागदी ताटे आली, स्वयंपाकाचे ठेकेदार आपली भांडी आपणच आणू लागले. नाव टाकायला कोणी येईना. देवमनजींच्या सूनबाई पौर्णिमा यांनी मला जुन्या किल्ल्या आणि फुटक्या झाकणांबरोबर खणात टाकले. दहा वर्षे मी तिथे होते. माझ्या सुईवर तांबूस डाग चढले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी खण उघडला. समोर इंदूबाई तायडे उभ्या होत्या. त्यांच्या घरातले चमचेसुद्धा माझ्या हातचे आहेत. बरोबर त्यांची मुलगी दीक्षा होती. ती धारणीच्या पलीकडे, मेळघाटातल्या एका उपकेंद्रात परिचारिका आहे.

“देवमनजी, फोनावर नाव टाकून देता का?” इंदूबाईंनी विचारले.

“फोनावर? भांडं हाय का तो?”

“भांडं हरपलं त दुसरं येते. हिचा फोन गेला होता त पोरीची झोप उडाली.”

झाले होते असे. दीक्षाच्या गावी विजेचा भरवसा नाही. उपकेंद्रात सौरऊर्जेवर फोन चार्ज होतात, म्हणून अर्ध्या गावाचे फोन तिथल्या एका फळीवर पडलेले असतात. सगळे काळे, सगळे सारखे. महिनाभरापूर्वी एका जीपवाल्याने घाईत आपला समजून दीक्षाचा फोन खिशात घातला. त्याच दुपारी एका अडलेल्या बाईच्या घरून तीन वेळा फोन आला. जीपवाल्याने अनोळखी नाव पाहिले, दुसऱ्याचा फोन आहे हे त्याच्या लक्षात आले आणि घाबरून त्याने तो उचललाच नाही. बाई वाटेतच बाळंत झाली. दोघे वाचली, पण थोडक्यात. फोन परत आला तेव्हा त्याच्या पाठीची काचही तडकलेली होती. आता नवा फोन घेऊन दीक्षाला दोन वाजताच्या बसने परत जायचे होते.

“तुमच्या मशीननं ज्याच्यावर नाव पडन, तोच फोन घेईन मी,” इंदूबाई म्हणाल्या. “दुकानदाराच्या तोंडावर माहा भरवसा नाई.”

हे ऐकून मला त्या बाई फार आवडल्या.

शेजारच्या मोबाईलच्या दुकानातून प्रीतम नावाचा तरुण तीन डबे घेऊन आला. पहिल्या फोनची पाठ काचेची होती, मोरपंखासारखी रंग बदलणारी.

“काकू, याच्यासारखा फोन नाई.”

“काचेवर याच्यानं नाव नाई पडत, भेग पडते,” देवमनजी म्हणाले. तो डबा बंद झाला.

“मंग हा घ्या. पूर्ण मेटल बॉडी. आयुष्यभर पाहा लागत नाई.”

इंदूबाईंनी त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला, मग तो गालाला टेकवला. “थंडीचे दिवस हायेत. धातू असता त गार लागला असता.”

“माह्या खिशात होता ना काकू, गरम झाला.”

“तुहा खिसा हाय का चूल?” इंदूबाई म्हणाल्या. “देवमनजी, कोपऱ्यात एक टिंब मारा. धातू निघाला त फोन माहा. नाई निघाला त याचा.”

प्रीतम हसून हो म्हणाला. माझे बटण दाबले गेले. इतक्या वर्षांनी अंगातून वीज खेळली. सुई टेकवली मात्र, राखाडी रंग उडाला आणि खालून पांढरा भुगा निघाला. धातूचा कणही नाही. मला तांब्याच्या लोट्यांची आठवण झाली आणि खरे सांगते, बरे वाटले.

प्रीतमचा चेहरा उतरला. “कंपनीचा माणूस मले असंच बोलला होता, काकू.”

“अन् तू इचारलं काहून नाई त्याले?”

त्याने तो फोन डब्यात परत ठेवला. तेवढ्यात दीक्षाने तिसरा डबा उघडला. आतला फोन काळा, खरखरीत पाठीचा होता.

“तो राहू द्या ताई, साधा प्लास्टिकचा हाय,” प्रीतम म्हणाला. “काकूले दाखवासारखा नाई.”

दीक्षाने तो कमरेएवढ्या उंचीवरून हातातून सोडून दिला. फोन फरशीवर आपटला, उडाला आणि बादल्यांच्या मध्ये जाऊन पडला. प्रीतमने डोळे मिटून घेतले. तिने उचलून पाहिला तर ओरखडाही नव्हता.

“प्लास्टिक?” इंदूबाई म्हणाल्या. “मी घमेलं घेत नाई प्लास्टिकचं.”

“आई, आमच्या डॉक्टरसाहेबांचा फोन धातूचा होता. मे महिन्यात जीपमध्ये राहिला त कानाले लावता येईना, एवढा तापला. अन् आमच्या तिकडं रेंजची एकच काडी येते. तीबी त्या धातूच्या आड अडून राहते.” मग ती देवमनजींकडे वळली. “काका, तुमच्या या मशीनीचं अंग कशाचं हाय?”

देवमनजींनी मला उलटेसुलटे केले. “बेकलाइट. जुन्या लाइटच्या बटणाचं असते तसं. प्लास्टिकच म्हण ना. धातूचं असतं त माह्या हाताले कवाच करंट लागला असता.”

मित्रांनो, दुकानातल्या प्रत्येक वस्तूचे अंग मी तपासले होते, एक माझे सोडून. चाळीस वर्षे मी ज्याला नाक मुरडले, त्याच्यातच माझा जीव सुरक्षित होता. मला माझीच लाज वाटली.

इंदूबाईंनी माझ्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केले. मग म्हणाल्या, “टाका मंग याच्यावरच. कुमारी दीक्षा किसनराव तायडे. पूर्ण लिवा, कोणाले नाई म्हणायले जागा नोको.”

“नाव वाचून त्या जीपवाल्यानं काय केलं असतं, आई?” दीक्षा म्हणाली. “सांजेले आणून देल्ला असता फोन. दुपारी त तो वाजतच राहिला असता. काका, असं लिहा. दीक्षा सिस्टर. वाजला तर उचला.”

“चोराले सांगून राहिली का, उचल म्हणून?”

“चोर असू दे नाई त जीपवाला. त्यानं उचलला अन् ‘सिस्टर दवाखान्यात हाय, बाईले तिथं घेऊन जा’ एवढं बोलला, तरी एक बाई वाचते.”

मी चमकले. आजवर मी जे जे कोरले ते ‘हे तुझे नाही, ठेव खाली’ असे सांगण्यासाठी. ज्याच्या हाती चुकून वस्तू गेली त्याच्यावरच काम सोपवायचे, हे मला कधी कोणी शिकवले नव्हते. हा मजकूर मला धोक्याचा वाटला. इंदूबाईंनाही वाटला असावा, कारण त्यांनी ओठ घट्ट मिटले.

देवमनजींचा हात आता थरथरतो, म्हणून गल्ल्यावर बसलेल्या पौर्णिमाबाईंनी मला धरले. प्लास्टिकवर काम सोपे नव्हते. सुई तापली की ते मऊ पडून चिकटे आणि कडा फुगे. पौर्णिमाबाई दोन अक्षरे झाली की थांबत, भुगा फुंकत आणि सुई गार होऊ देत. दीक्षा घड्याळाकडे पाहत होती. ‘वाजला तर’ पर्यंत येताच इंदूबाई पुढे वाकल्या.

“पौर्णिमा, थांब वं,” त्या म्हणाल्या. “‘उचला’ मोठं लिव. त्या जीपवाल्याले चष्मा हाय.”

दोनच्या बसने फोन धारणीकडे गेला. पौर्णिमाबाईंनी माझी सुई तेलाच्या फडक्याने पुसली आणि मला किल्ल्यांत न टाकता वेगळ्या डबीत ठेवले. तुमच्या घरीही माझ्यासारखे जुने अवजार पडले असेल तर एवढे करा. तेलाच्या एका थेंबाने आम्ही पुष्कळ वर्षे काढतो.

तो फोन पुन्हा कोणाच्या खिशात गेला का, ते मला ठाऊक नाही. गेला असेल तर त्या माणसाने पाठ वाचली असेल का, याचा मला अजून संशय येतो. म्हणून तुम्हालाच सांगते. वस्तू घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, रंगावर तर मुळीच नाही. ती कुठे वापरायची आहे ते आधी पाहा. आणि कधी परक्याचा फोन तुमच्या हातात वाजू लागला, तर तो कोणाचा, कसा आला, हे नंतर ठरवा. आधी उचला.