अकरा दुपारींचे रंग

आमच्या हिची नजर गेली, तेव्हा तिच्या डोक्यातल्या रंगांचं काय करायचं हा प्रश्न पडला. चाळीस वर्षं तिनं कापड रंगवलं, पण एकही कृती कुठे लिहून ठेवली नाही. आता ती सांगणार आणि मी टाइप करणार असं ठरलं.

"एकदाच सांगीन हं," ती म्हणाली. "आज आठवतंय ते उद्या आठवेलच असं नाही."

भाचीनं तिच्या ऑफिसात अडगळीत पडलेला एक लिनक्स सर्व्हर पाठवला. कृती लिहायचा प्रोग्राम त्यावर कंटेनरमध्ये चालणार होता.

"कंटेनर म्हणजे डबा समज, मामा. प्रोग्रामला लागेल ते सगळं एका डब्यात."

तिनं पाठवलेल्या सूचना मी छापून घेतल्या, तीनदा वाचल्या, समासात खुणा केल्या. मला वाचायला जमतं, करायला नाही. तरी कंटेनरचं सॉफ्टवेअर उतरवलं, सुरू केलं. मशीन म्हणालं, परवानगी नाही. मला ते रास्तच वाटलं. मग सूचनेप्रमाणे स्वतःला परवानगीच्या गटात घातलं, पुन्हा लॉगिन केलं, तेव्हा त्यानं मला पदरात घेतलं.

शेवटच्या कमांडमध्ये एक तुकडा होता, डब्याला बाहेरचं फोल्डर जोडणारा. तिथे सारखी चूक येत होती. भाचीला चारदा फोन करून झाला होता. पाचव्यांदा करायची लाज वाटली. तो तुकडा गाळला आणि प्रोग्राम सुरू झाला.

मग अकरा दुपारी ही डोळे मिटून बोलत राहिली. "डाळिंबाची साल भिजत घालायची. पाणी मधासारखं दिसलं की कापड सोडायचं." मी टाइप करी, आणि खोलीत हळूहळू पिवळं पाणी चढतंय असं वाटे. मग निळं येई. खुर्च्यांचे पाय बुडत, पडदे रंग पीत, आणि टेबलाखालचा सर्व्हर तळाशी बसून घुमत राही. तिनं चहा मागितला की पाणी ओसरे.

बाराव्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, प्रोग्रामची नवी आवृत्ती आलीय. जुना डबा थांबव, काढून टाक, नवा चालव."

थांबवला. पुढची कमांड टाइप केली, पण एंटर दाबवेना.

"अगं, डब्यात लिहिलेलं कुठे जातं?"

"डब्याबरोबरच. म्हणून तर बाहेरचं फोल्डर जोडायचं. जोडलंयस ना?"

ही शेजारीच बसली होती आणि फोन स्पीकरवर होता.

"नाही," मी म्हणालो.

"मामा! हात वर घे आधी. डबा काढून टाकलास?"

"नुसता थांबवलाय."

"मग सगळं आत आहे. तुझ्या भित्रेपणाला बक्षीस द्यायला हवं."

"मला का नाही सांगितलंत?" हिनं विचारलं.

"लाज वाटली."

"आणि माझे रंग बुडवायची नाही वाटली?"

भाची एकेक अक्षर सांगत गेली, मी टाइप करत गेलो. डब्यातल्या फाइली बाहेरच्या फोल्डरात उतरल्या. मोजल्या: सव्वीस.

"वाचा," ही म्हणाली. "माझी खात्री पटू दे."

मी पहिलीपासून वाचायला लागलो. तिचे हात मांडीवरच हलू लागले, ओलं कापड पिळावं तसे.