कोंबडी चालेल तेव्हा

घोड्यावरून पडून नडगी मोडलेल्या अल्हाजी बराऊला लोकांनी झोळीतून हाडं बसवणाऱ्या देलूच्या अंगणात आणलं, तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. चराईच्या भांडणात याच माणसानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिच्या बापाचा उजवा हात ठेचला होता. बाप अख्ख्या मुलखाची हाडं बसवायचा, त्याचं स्वतःचं मात्र सांधलं नाही. तो मरेपर्यंत अकरा वर्षं देलूनं त्याला घास भरवले.

का सांधलं नाही, हे बापानंच सांगितलं होतं. "हाडावर पातळ पापुद्रा असतो, पोरी. हाडाला रक्त तोच पुरवतो, कळ त्यातूनच येते, मोडल्या टोकांवर नवं हाडही तोच धरतो. माझ्या हातातल्या पापुद्र्याच्या चिंधड्या झाल्या. आता हाड म्हणजे वाळकं लाकूड."

"ए पोरी, जुनं उकरून काढू नकोस हं," बराऊ कण्हत म्हणाला.

"जुनं कशाला, अल्हाजी? तुमचं ताजं आहे की!"

तिनं नडगी ओढून नीट बसवली, बांबूच्या कामट्या बांधल्या. रोग्याच्या हाडाशी बेइमानी करायची नाही, अशी बापानं शपथ घातली होती. मग रिवाजाप्रमाणे रोग्याच्या नावानं कोंबडीचा पाय मोडायचा. ती चालू लागली की रोग्यानं पाय टेकायचा, त्याआधी नाही.

कोंबडी घेऊन देलू झोपडीमागे गेली. कोंबडीच्या पायाला चीर देऊन तिनं सुरीच्या टोकानं हाडावरचा पापुद्रा गोल खरवडून काढला, आणि मग हाड मोडलं. कोंबडीबद्दल तिला वाईट वाटलं. बराऊबद्दल तसूभरही नाही.

दोन महिन्यांत बराऊची नडगी झकास जुळली. देलूनं चाचपून पाहिलं आणि कामट्या पुन्हा तशाच बांधल्या. कोंबडीचा पाय लोंबतच होता. पाचव्या महिन्यात बराऊची पोटरी काडीसारखी झाली.

"अहो, पाय सरळ दिसतोय. टेकवून तरी बघा!" त्याची बायको हौवा म्हणाली.

"गप बस! कोंबडी चालली का? हाडातलं तुला काय कळतं?" बराऊ खेकसला.

ईदला ढोल वाजवत घोडेस्वार अंगणावरून गेले. बराऊ चटईवर पडल्या पडल्या लहान मुलासारखा रडला. देलू डोळे भरून बघत राहिली.

"देलू, ही कोंबडी मेलीच तर गं?"

तिनं फुराचा, बाजरी-दुधाच्या पेजेचा, वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"घाबरू नका, अल्हाजी. दुसरीचा मोडू. मग पहिल्यापासून."